उन्हाचा कंदील

मास्तर अमरावतीत आले ते पायी. गाडी सोबत होती, बैलही चांगले धडधाकट होते, पण मास्तर गाडीच्या मागून चालत होते आणि दोन्ही हातांनी गाडीतली एक लाकडी पेटी घट्ट धरून होते. अकोल्यापासून सगळी वाट त्यांनी अशीच काढली होती. आपण गाडीत बसलो तर हादरे पेटीला बसतील, चाललो तर ते आपल्या हाताला बसतील, असा त्यांचा हिशेब.

कापसाला सोन्याचे दिवस आले होते तेव्हाची ही गोष्ट. अमेरिकेत लढाई पेटलेली, विलायतेच्या गिरण्या अडून बसलेल्या, आणि आमच्या काळ्या मातीतलं बोंड अन् बोंड कुणीतरी विकत घ्यायला उभं. रेल्वेचे रूळ अजून यायचे होते, सगळा माल बैलगाडीवर. अमरावतीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली की टोक दिसत नसे. अशा रांगेत मास्तरांची गाडी मध्येच उभी राहिली, कारण पुढं एक नाला होता आणि नाल्यातून पेटी उचलून न्यायला मास्तरांना चार माणसं हवी होती.

शाळेनं त्यांना उतरवून घ्यायला मला पाठवलं होतं. मी तिथंच दुय्यम शिक्षक होतो, दर्यापुराकडच्या शेतकरी घरातला. मी पोचलो तेव्हा मागचा गाडीवान जुवावर उभा राहून ओरडत होता.

"ओ बाप्पा! गाडी काहून थांबवून ठेवली? आमी का इथंच मुक्काम करावं?"

मास्तर शांतपणे म्हणाले, "क्षमा करा. आत चंद्र आहे."

गाडीवानानं माझ्याकडं पाहिलं. "चंद्र हाय त रातच्याले काढा ना! दिवसा रस्ता काहून अडवून राहिले?"

"रात्रीचा चंद्र लहान दिसतो," मास्तर म्हणाले.

गाडीवान खाली उतरला, स्वतःच पेटीचा एक कोपरा धरला आणि मला म्हणाला, "धरा जी तुमी बी. माणूस बह्याड हाय, पण पेटी जपून नेऊ."

पेटीत काय होतं ते मला त्या संध्याकाळी कळलं. पत्र्याचा एक कंदील, त्याला पुढं पितळी नळी, नळीत भिंगं, आणि लाकडी चौकटीत बसवलेल्या चित्रांच्या काचा. विलायतेत मोठमोठ्या दिवाणखान्यांत असल्या काचांतून शास्त्राची व्याख्यानं चालतात, हे मी ऐकून होतो. शाळाखात्यानं ही एक पेटी वऱ्हाडासाठी मागवली होती आणि ती चालवता येणारा माणूस म्हणून पुण्याकडून मास्तरांना धाडलं होतं. प्रत्येक काच त्यांनी रुईत गुंडाळली होती. ज्या रुईसाठी व्यापारी एकमेकांच्या उरावर बसत होते, ती मास्तरांनी काचांना गादी म्हणून दिली होती.

पहिला प्रयोग फसला. कंदिलातल्या दिव्याला विलायती तेल लागे, ते आमच्याकडं मिळेना. जवसाचं तेल घातलं तर पडद्यावर शनीऐवजी धूर दिसला. मुलं खोकत बाहेर पळाली. मास्तर मात्र एकटेच आत बसून राहिले. थोड्या वेळानं कौलाच्या फटीतून एक उन्हाची तिरीप त्यांच्या धोतरावर पडली. त्या तिरिपेकडं ते असे पाहत राहिले, की मला वाटलं धूर डोक्यात गेला.

"वेडे आहोत आपण," ते म्हणाले. "वऱ्हाडात येऊन तेल शोधतो आहोत!"

तेव्हापासून त्यांनी दिवा काढून टाकला. कंदिलाच्या मागं उन्हाचा झोत घ्यायचा. खिडकीच्या फळीला भोक, भोकाबाहेर आरसा, आणि आरशाची दांडी खोलीच्या आत. सूर्य सरकला की दांडी फिरवायची. उन्हानं काचा तापून तडकू नयेत म्हणून मध्ये तुरटीच्या पाण्यानं भरलेलं चपटं काचेचं भांडं. व्याख्यान भर दुपारी, दारं-खिडक्या गच्च बंद करून. पडद्यावर जो उजेड पडे तो असा लख्ख, की पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले होते.

पण या युक्तीनं मास्तरांना एक खोड लागली. ते कुणाच्याही घरी गेले, की आधी भिंती बघत. पाटलानं पुढं केलेला गुळपाण्याचा तांब्या हातात तसाच, आणि नजर दक्षिणेच्या भिंतीवर. मग अतिशय नम्रपणे विचारायचे, "इथं एक भोक पाडलं तर आपली काही हरकत?" अख्ख्या जिल्ह्यात लोक त्यांना नाना नावांनी ओळखत, पण सगळ्यांत रुळलं ते 'भोकमास्तर'. तिवशाला एका देशमुखांनी पाहुणचार करून त्यांना निरोप दिला आणि मग मला बाजूला घेऊन विचारलं, "भिंत बुजवून देणारा मास्तर बी येते काय मागून?"

दुसरी खोड अंधाराची. खोलीत सुईएवढी फट राहिलेली त्यांना खपत नसे. कापसाचे बोळे करून स्वतः शिडीवर चढत आणि एकेक फट बुजवत. "फट राहिली की शास्त्र गळतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अंधार झाला की बोलायची बंदी. कुणी खोकलं तरी ते थांबत. एकदा शाळा तपासायला आलेल्या डेप्युटी साहेबांनी अंधारात काही शेरा मारला, तेव्हा मास्तर म्हणाले, "आपण बाहेर बोलून या. आम्ही थांबतो." आणि खरंच थांबले.

बोलायचा हक्क फक्त दोघांना होता, त्यांना आणि मला. मला अशासाठी, की त्यांची भाषा लोकांना कळत नसे. ते म्हणत, "अवकाशात हा गोल निराधार भ्रमण करीत आहे." मी म्हणे, "पाहा, हा गोया कायच्याच टेकूविना फिरून राहिला." गर्दीतून 'हाव' असा आवाज येई. मास्तर माझ्याकडं वळून कुजबुजत, "निराधार या शब्दात एक कारुण्य आहे हो. तुमच्या टेकूत ते नाही."

"तुमचं कारुण्य त्याईले समजत नाही, मास्तर. टेकू समजते."

यावर ते विचारात पडत. मग पुढच्या गावी त्यांच्याच तोंडून ऐकू येई, "हा गोल टेकूविना भ्रमण करीत आहे."

दर्यापुरातली एक दुपार माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तिथं मास्तरांनी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाचं भिंग लावलं. आधी पिसवेचं चित्र झालं. लोक घाबरले, हसले. मग त्यांनी समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या पाटलाला विचारलं, "आपल्या अंगरख्याला कापूस चिकटला आहे. घेऊ का?" त्यातला एकच तंतू त्यांनी चिमट्यानं सोडवला, दोन काचांमध्ये धरला आणि नळीपुढं सरकवला.

पांढऱ्या भिंतीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत एक पट्टी उभी राहिली. रुंद, चपटी, काठ जरासे जाड, आणि जागोजाग पीळ पडलेली, जशी पगडी बांधण्याआधी दोघांनी दोन टोकं धरून पिळावी. उजेड तिच्यातून आरपार येत होता.

 त्या खोलीतल्या प्रत्येकाचं आयुष्य कापसात गेलेलं. पेरला, वेचला, तुडवून गाठोडी बांधली, गाड्या भरल्या. पण एक तंतू कधी कुणी पाहिला नव्हता.

पाटील उठले. बोलायची बंदी त्यांना ठाऊक होती, म्हणून ते आधी मास्तरांकडं गेले आणि कानाजवळ हळूच बोलले. मी शेजारी होतो म्हणून ऐकलं.

"हा माह्याच वावरातला व्हय?"

"आपल्याच अंगरख्यावरचा."

"कोणं पिळला एवढा निगुतीनं?"

मास्तरांनी उत्तर दिलं नाही. उत्तर माहीत नसलं की ते गप्प बसत, आणि ते गप्प बसणं मला त्यांच्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा मोठं वाटे. पाटलांनी डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं आणि पट्टी भिंतीवर होती तोवर ते तसेच, उघड्या डोक्यानं, उभे राहिले.

अशी आम्ही वऱ्हाडभर बरीच वर्षं हिंडलो. कौंडण्यपूरच्या जत्रेत तंबूला कांबळी पांघरून खेळ केला, तेव्हा लोकांनी पडद्यावरच्या सूर्यमालेला पैसे आणि कुंकू वाहिलं. मास्तरांनी कुंकू राहू दिलं आणि पैसे ज्याचे त्याला परत करायला मला लावलं, जत्रेच्या गर्दीत! शेवटी ते देवळाच्या पेटीत टाकले. पावसाळ्याचे चार महिने सूर्य नसे, तेव्हा मास्तर चिडचिडे होत. ढगाकडं पाहून "रजेवर गेला आहे," असं कारकुनाबद्दल बोलावं तसं बोलत.

त्या वर्षांत त्यांच्या खोडी वाढत गेल्या, असं मी समजत होतो. काचांच्या चौकटींना त्यांनी दोरे बांधले, कुणाला एक गाठ, कुणाला दोन. चालताना माझ्या खांद्यावर हात ठेवू लागले. जेवताना ताटावरून आधी बोटं फिरवत. तांब्या नेहमी एकाच जागी हवा. आरशाची दांडी अलीकडं मलाच धरायला लावत. घर सांभाळणाऱ्या विधवा बहिणीला ते म्हणत, वस्तू जागच्या जागी असणं हेच शास्त्र. तीही माझ्यासारखीच हसून सोडून देई. दिव्याऐवजी सूर्य वापरणारा, चंद्राला हातानं धरून गावोगाव नेणारा माणूस. त्याची आणखी एक तऱ्हा, म्हणून कोण दचकणार?

मग अकोल्याचं व्याख्यान आलं.

एका व्यापाऱ्यानं कापसाची कोठी मोकळी करून दिली होती. भल्या जाड भिंती, वर उंच झरोका. माघ महिना, आभाळ कसं घासल्यासारखं स्वच्छ. कोठीत सरकी काढणाऱ्या बायका एका अंगाला, शेतकरी आणि अडते मध्ये, आणि पुढं खुर्चीवर शाळाखात्याचे गोरे साहेब. साहेबांना मराठी बरंच समजे. व्याख्यान पसंत पडलं तर मास्तरांना वऱ्हाडचा फिरता व्याख्याता नेमायचं, वर्गात शिकवण्यातून मोकळं करायचं आणि आणखी काचा मागवून द्यायच्या, असं ठरत आलं होतं. नाही पसंत पडलं, तर कंदील खात्याकडं परत. मास्तर दोन दिवस जेवले नव्हते.

सुरुवात उत्तम झाली. शनी झाला, पृथ्वीची सावली झाली. मग चंद्राची मोठी काच आली. मास्तरांनी चौकटीवरच्या गाठी चाचपल्या आणि काच आत सरकवली. पडद्यावर चंद्र उगवला. बायकांच्या बाजूनं एक लांब श्वास आला, सगळ्यांचा मिळून एकच.

मी पडद्याकडं पाहिलं. काच तडकली होती. गाडीत तडकली असेल, नाहीतर उन्हानं. चंद्राच्या माथ्यापासून तळापर्यंत एक काळी वाकडी रेघ गेली होती.

मास्तर बोलतच होते. "हा चंद्राचा पृष्ठभाग. या खळग्यांना कडे आहेत. कुठंही खंड नाही, कुठंही..."

बायकांतून कुणीतरी बोललं. बंदी तिला कुणी सांगितली नसावी. "गुरुजी, मंग हे मधातली भेग कायची व्हय?"

"चंद्राला भेग नाही, बाई."

"हाय ना जी! वरतून खालपर्यंत हाय. एवढी मोठी!"

मास्तर पडद्याकडं वळले. पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता आणि मी त्यांच्या डोळ्यांकडं पाहिलं. ते पडद्यावर नव्हते. पडद्याच्या जरा डावीकडं, भिंतीच्या कोपऱ्यात लागले होते. दोरे, गाठी, माझा खांदा, ताटावरची बोटं, सगळं मला त्या एका क्षणात समजलं. इतकी वर्षं रोज दुपारी आरसा जुळवताना हा माणूस सूर्याशी नजर भिडवत आला होता.

मी त्यांच्या कानाशी लागलो. "मास्तर, काच तडकली आहे. तेवढं म्हणा. पुढची काच मी देतो." तेवढं पुरलं असतं. साहेबांना काही कळलं नसतं.

मास्तरांनी माझं मनगट धरलं.   मग अंधाराकडं तोंड करून, नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "मंडळी, काचेला भेग असेल. मला ती दिसली नाही. मला चंद्रही दिसत नाही. गेल्या पावसाळ्यापासून मला यातलं काहीच दिसत नाही. मी पाठ झालेलं सांगत होतो. पडद्यावर काय आहे ते न पाहता सांगणं हे शास्त्र नव्हे. म्हणून आता तुम्ही सांगा."

साहेबांची खुर्ची करकरली. 

मग त्याच बाईचा आवाज आला, या वेळी हळू. "गोल हाय, गुरुजी. पण सारखा नाही. तव्यावरच्या भाकरीले फोड येते, तसे फोड हायेत."

"फोड वर आलेले आहेत, की आत गेलेले?"

"आत गेलेले. फुटलेले फोड."

"सावली कुठल्या अंगाला आहे?"

"डाव्या," दोघं-तिघं एकदम म्हणाले. एका शेतकऱ्यानं भर घातली, "खड्ड्याच्या आतून डाव्या अंगाले काया, अन् उजव्या अंगाले चकाकून राहिला."

"मग ऊन कोणीकडून येतं आहे?"

 आणि मग एक म्हातारा, स्वतःशीच बोलावं तसं, पण सगळ्यांना ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "डावीकडून! अरे बाप्पा, तिथं बी ऊन पडते! तिथं बी दिवस निंघते!"

त्यानंतर कोठी बोलायलाच लागली. एकाला खालच्या अंगाचा भाग उन्हाळ्यातल्या भेगाळल्या वावरासारखा दिसला. एकीला खळगे बोंडाच्या रिकाम्या टरफलांसारखे वाटले, पाकळ्यांचे काठ वर आलेले. एक अडत्या कधी नव्हे तो भाव सोडून डोंगर मोजत होता. मास्तर प्रत्येकाकडं तोंड वळवत होते, विचारत होते, पुन्हा विचारत होते. "सगळ्यांत मोठा खळगा कुठं? त्याच्या मध्ये टेकडी आहे का? नीट पाहा, असेल." आणि टेकडी सापडली की त्यांचा चेहरा असा उजळे, की तो पाहू की चंद्र पाहू, हे मला कळेना. मी काही भाषांतर करत नव्हतो. गरजच उरली नव्हती.

साहेबांनी पुढं काय केलं ते इथंच सांगून टाकतो, कारण मला गोष्ट तिथं संपवायची नाही. ते माणूस भले होते, पण नियमाचे होते. आंधळ्या माणसाला नेमता येईना. मास्तरांची नोकरी गेली, बेताचं निवृत्तिवेतन मिळालं. कंदील मात्र साहेबांनी परत नेला नाही. तो माझ्या नावे करून दिला आणि सोबत कुणाला न्यायचं हे मी ठरवावं असं सांगितलं. मास्तर मरेपर्यंत माझ्यासोबत गावोगाव आले. बहिणीला घेऊन ते अकोल्यालाच राहू लागले होते, तिथं तिच्या हातून त्यांना शेवटचं पाणी मिळालं. लढाई तोवर मिटली होती, कापसाचा भाव उतरला, कोठ्या रिकाम्या पडल्या. रिकाम्या कोठ्या अंधाराला फार चांगल्या.

पण त्या दिवशी, त्या माघातल्या दुपारी, चंद्र संपल्यावर कुणीतरी कोठीचं मोठं दार उघडलं. ऊन धाडकन आत आलं. आम्ही सगळ्यांनी डोळ्यांवर हात घेतले, साहेबांनीसुद्धा. लोक डोळे चोळत बाहेर पडू लागले.  जाता जाता बायका मास्तरांच्या पायांपाशी वाकत होत्या, आणि कोण वाकतंय ते न कळल्यामुळं मास्तर गडबडून सगळ्यांनाच नमस्कार करत होते.

मला वाटलं, आता हे कोसळतील. मी त्यांना धरायला गेलो. ते माझ्या हाताशेजारून पुढं झाले, चाचपत उंबरठा ओलांडला आणि अंगणात मधोमध उभे राहिले. तोंड वर केलं. गालावर ऊन घेतलं, मान जराशी फिरवून पुन्हा घेतलं, जसा एखादा माणूस वाऱ्याचा अंदाज घेतो.

"अजून बराच वर आहे," ते म्हणाले. "शुक्राची काच राहिली. कुणाला घाई आहे का?"

रस्त्याला लागलेले लोक थांबले. एकमेकांकडं पाहिलं. मग ती भाकरीवाली बाई वळली, तिच्यामागं बाकीच्या, त्यांच्यामागं शेतकरी, आणि सगळे पुन्हा अंधारात जाऊन बसले.